घरी शिकणाऱ्या लेकरांची नोंद कोणत्या रकान्यात?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,



मी नागपूरची एक आई. थोरली मुलगी बारा वर्षांची, धाकटा नऊचा. दोघेही शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. घर म्हटले तरी त्यात महालातली मूर्तिकारांची चितार ओळ येते, पाचपावलीतला हातमाग येतो, अजब बंगल्याच्या संग्रहालयातले दगडी शिलालेख येतात आणि वाचनालयातून आणलेली पुस्तकेही येतात. या पत्रात मी आपल्याकडे पैसा मागणार नाही, कुठल्या नियमातून सूटही मागणार नाही. आमच्यासारख्या घरांची सरकारदरबारी नोंद व्हावी, आमच्या मुलांकडे बाहेरच्या कुणीतरी वर्षातून एक-दोनदा नीट बघावे आणि मुलाला शाळेत यावेसे वाटेल त्या दिवशी शाळेचे दार उघडे असावे, एवढीच मागणी आहे. ‘आमचे आम्ही बघून घेऊ, सरकारने मध्ये पडू नये’ असे मानणारी घरेही या वाटेवर आहेत. माझे मत तसे नाही. ते का नाही, हेही लिहिते.

४ जुलै २०१५ रोजी आपल्या राज्याने शाळाबाह्य मुलांचा एकदिवसीय शोध घेतला होता. त्यानंतरही अशा मोहिमा निघत राहिल्या. गुरुजी, बाई उन्हापावसात दारोदार फिरतात. आमच्या दारी आल्या की प्रश्न ठरलेला असतो, मूल शाळेत जाते का? मी ‘नाही’ म्हणते, ‘घरी शिकते’ म्हणते आणि बाईंचा पेन कागदावर थांबतो, कारण त्यांच्या तक्त्यात यासाठी जागाच नाही. शाळेत असलेले मूल आणि शाळाबाह्य मूल, एवढेच दोन प्रकार. मग माझी मुले दुसऱ्यात जातात. बाईंबद्दल माझी तक्रार नाही. हा शोध वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीला गेलेल्या, उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांसाठी आहे आणि तो अजून कसून व्हावा असे मला मनापासून वाटते. पण ज्या मुलीला खरोखर कुणी वाली नाही तिच्याच रकान्यात माझी मुलगी टाकली, तर त्या मुलीचा आकडाही खोटा होतो आणि माझ्या मुलीचाही.

कायदा काय म्हणतो, ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दोन गोष्टी आल्या. अनुच्छेद २१क ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. अनुच्छेद ५१क मध्ये (ट) हे कलम वाढले आणि मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. तिथे संधीचा उल्लेख आहे, शाळेचा नाही. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १० ने पालकांवर मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य घातले. हे कर्तव्य मोडणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून आमच्यावर कुणी खटला भरत नाही, आणि आम्हाला कुणी मान्यताही देत नाही. या अधांतरी जागेत मुले वाढतात. मोठी झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून परीक्षा देता येते. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्याची जुनी वाट आहे, तिलाही शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणजे शेवटी परीक्षेची सोय आहे. त्याआधीच्या आठ-दहा वर्षांत हे मूल कुठे होते, हे मात्र राज्याच्या कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.

आमचा दिवस कसा जातो, हे आता जरा सविस्तर लिहिते. घरी शिकणे म्हणजे दिवसभर लोळणे किंवा दिवसभर शिकवणी, असे दोनच अंदाज लोक करतात.

दिवाळीच्या सुमाराला हिंगणघाटकडच्या नातेवाइकांच्या शेतातून कापूस येतो. बोंडातून नुकताच वेचलेला, सरकीसकट. मुले तो आधी तोलतात. मग पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई दाबून फिरवायची, की सरकी पुढे ढकलली जाते आणि रुई मागे राहते. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हे काम झेपते, फक्त वेळ लागतो. शंभर ग्रॅम कापसातून तेहतीस-चौतीस ग्रॅम रुई निघते, बाकी सगळी सरकी. एक तृतीयांश म्हणजे किती, हे धाकट्याला पुस्तकातून शिकवावे लागले नाही. क्विंटलमागे शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि दुकानातल्या सुती सदऱ्याची किंमत यांच्यामध्ये काय काय घडते, हा प्रश्न थोरलीने त्याच सरकीच्या ढिगाशी बसून विचारला. त्या प्रश्नावर आमचे कित्येक आठवडे गेले. बाजार समिती बघितली, जिनिंग बघितले, हमीभावाच्या बातम्या कापून वहीत चिकटवल्या.

रुई धनुकलीने पिंजायची, पेळू वळायचे आणि टकळीवर कातायचे. पहिले काही दिवस सूत सारखे तुटते. जाड येते, बारीक येते, गाठी येतात. मग एके दिवशी हाताला ते कळते आणि मूल बोलता बोलता कातू लागते. गणित यापुढे सुरू होते. एक हजार मीटर सुताची एक गुंडी. ती पन्नास ग्रॅम भरली तर सुताचा अंक वीस, पंचवीस ग्रॅम भरली तर चाळीस. सूत जितके बारीक तितका अंक मोठा. व्यस्त प्रमाण हा धडा सातवी-आठवीत मुलांना जड जातो. थोरली तो स्वतःची गुंडी तराजूत टाकून शिकली, आणि अंक वाढवायचा तर बोटांनी काय करायचे हेही तिला त्याच वेळी समजले.

सुतावरून आम्ही एम्प्रेस मिलकडे गेलो. जमशेदजी टाटांनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले होते, म्हणून ते नाव. आज त्या जागेवर मॉल आहे. त्या मॉलच्या फरशीवर उभे राहून, इथे हजारो चात्या फिरत होत्या, हे मुलांना सांगता येते. घरी टकळी फिरवलेल्या मुलाला ते पटकन कळते. नंतर पाचपावलीत एका कोष्टी कारागिराच्या मागावर गेलो. ताणा कसा भरतात, फणीच्या एकेका फटीतून तार कशी ओवतात, धोटा कसा फेकतात, हे मुलांनी बघितले. त्या दादांनी धाकट्याला मागावर बसवले आणि त्याच्या पायांना पावड्या पुरल्या नाहीत म्हणून खाली लाकडी ठोकळे ठेवले. नागपुरी लुगडे विणणारे असे माग या वस्तीत एकेकाळी घराघरांत होते. आता मोजकेच उरलेत, आणि दादांच्या घरातले कुणी हे काम पुढे नेणार नाही.

उन्हाळ्यात वाळवणे असतात. चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बाहेर खेळता येत नाही. तेच दिवस कुरडयांचे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा आणि तो रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचे पाणी निथळून घेतले की तळाशी पांढराशुभ्र थर. आमच्या शेजारच्या आजी हे काम करतात आणि मुले त्यांच्या हाताखाली असतात. गव्हाला आंबूस वास का येतो, चीक तळाशी का बसतो, शिजवताना एकाएकी घट्ट आणि पारदर्शक का होतो, या प्रश्नांची उत्तरे आजींकडे नाहीत. पण केव्हा थांबायचे, हे त्यांना बोटाच्या स्पर्शावरून कळते. उत्तरे आम्ही पुस्तकात शोधली: आंबवणारे जिवाणू, पिष्टमय पदार्थाचे कण, तापवल्यावर पाणी शोषून त्यांचे फुगणे. थोरलीने आजींना ते समजावून सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि सोऱ्या तिच्या हातात दिला.

सगळे असेच छान चालते असे कुणी समजू नये. इंग्रजीसाठी रोज बसावेच लागते. पाढे पाठ करावेच लागतात, त्यांना टकळीचा किंवा कुरडईचा मार्ग नाही. ज्या दिवशी मला शिवणकामाची मोठी ऑर्डर असते त्या दिवशी मुले आपापली पुस्तके घेऊन बसतात आणि मी फक्त वह्या तपासते. हे सारे जमते, कारण आमच्या घरात एक पगार नियमित येतो आणि मला घरात राहून काम करता येते. ही सोय थोड्याच घरांना आहे. म्हणून प्रत्येकाने असेच करावे, असे मी कधीच म्हणणार नाही.

आता एका मुलाबद्दल लिहायचे आहे. तो माझा नाही. तान्ह्या पोळ्यासाठी धाकट्याला स्वतःच्या हाताने लाकडी बैल करायचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरभर पोरे आपापले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, बोजारा गोळा करतात, आणि त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. ओळखीच्या एका सुतारमिस्त्रींनी त्याला सागवानाचा ठोकळा दिला, पटाशी कशी धरायची ते शिकवले, रेषेच्या उलट रंधा मारला तर लाकूड कसे फाटते ते दाखवले. शेजारी मिस्त्रींचा मुलगा उभा होता. महापालिकेच्या शाळेत सातवीत शिकणारा. बापाने ‘तीन सूत कमी कर’ म्हटले की तो न मोजता तेवढेच काढायचा. आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे पाव, चार म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाऊण. अपूर्णांक त्या मुलाच्या बोटांत होते. मी त्याला विचारले, गणितात किती पडतात? त्याने मान खाली घातली. अपूर्णांकांच्या धड्यात तो नापास झाला होता.

मंत्रिमहोदय, हे पत्र लिहायचे ठरले ते त्या दिवशी. माझा मुलगा त्याच कारखान्यात त्याच पटाशीने काम करतो, तेव्हा लोक त्याला अनुभवातून शिक्षण म्हणतात, माझे कौतुक करतात. मिस्त्रींचा मुलगा तेच काम दसपट सफाईने करतो, तर शाळेच्या लेखी ते शून्य. त्याच्या शाळेत कुणी विचारलेले नाही की तुझे वडील लाकडाला कसे ओळखतात. घरी शिकवणाऱ्या आम्हा पालकांना मान्यता द्यायची असेल, तर ती या मुलाला ओलांडून देऊ नका. त्याला त्याच्या शाळेतच मान मिळेल अशी सोय आधी करा.

हे विचार नवे नाहीत. ते इथेच, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर मांडले गेले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे, मातृभाषेतले शिक्षण, आणि त्याच्या मधोमध एखादा हस्तोद्योग, असे त्या परिषदेने ठरवले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, पुढच्या वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात आर्यनायकम पती-पत्नींनी शाळा उभी केली. कापसापासून कापडापर्यंतच्या कामात गणित, भूगोल, इतिहास गुंफायचा, हे त्या शाळेत रोज घडत होते. डॉ. अभय बंग तिथे शिकले आणि त्यांनी त्याबद्दल लिहिलेही आहे. ती शाळा बंद पडली. नंतर २००५ पासून त्याच परिसरात आनंद निकेतन सुरू आहे. आम्ही तिथे गेलो आहोत. वर्ध्याचे मगन संग्रहालयही बघितले. गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन केले होते. घाणी, चरखे आणि माग तिथे बघताना मुलांना सांगावे लागत नाही की हे कशासाठी.

त्याच १९३७ च्या परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातही इशारा आहे की उत्पन्नावर डोळा ठेवला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल. तो इशारा आजही खरा आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेनंतर व सुटीत घरच्या उद्योगात मदत करायला परवानगी मिळाली. उद्या घरी शिकणे सरसकट मान्य झाले, तर मुलीला घरकामाला जुंपणारा, तिचे लग्न लवकर उरकणारा बापही म्हणेल, ती घरी शिकते. मागावर बसलेले मूल शिकते आहे की राबते आहे, हे दारातून बघून कळत नाही. आत येऊन त्या मुलाशीच बोलावे लागते. म्हणूनच मला नोंद हवी आहे आणि तपासणीही हवी आहे.

या शहरात राहून शाळेला नावे ठेवणे मला कधीच जमणार नाही. जाईबाई चौधरी नागपूर स्टेशनवरून कामठीपर्यंत डोक्यावर ओझी वाहत होत्या. शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि जात कळल्यावर सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला म्हणून ती नोकरी गेली. त्या खचल्या नाहीत. १९२० च्या दशकात त्यांनी याच नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्यांच्या पूर्वजांना पिढीजात धंद्याला बांधून ठेवले होते, त्यांच्यासाठी शाळा म्हणजे त्या धंद्यातून सुटण्याचा रस्ता होता. मिस्त्रींच्या मुलाला सुतारच व्हायचे, असे म्हणण्याचा हक्क मला नाही, आपल्याला नाही, त्याच्या वडिलांनाही नाही. त्याचे कसब शाळेत मोजले जावे आणि तरीही त्याला हवे ते होता यावे, या दोन्ही गोष्टी एकदमच लागतील.

आणि घरी शिकवणाऱ्या पालकांनी एक पत्र कायम लक्षात ठेवायला हवे, असे मला वाटते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतःच्या मुलांना रूढ शाळेत घातले नाही, जमेल तसे स्वतः शिकवले. थोरले हरिलाल यांना नियमित शिक्षण हवे होते. १९१५ साली त्यांनी वडिलांना पत्र लिहिले, ते छापून ओळखीच्यांना दिले आणि आपली तक्रार मांडली. आई-बापाचा प्रयोग कितीही थोर असो, त्याची किंमत मूल मोजते. त्या मुलाचे ऐकायला घराबाहेरचे कुणी हवे. त्या काळी हरिलाल यांच्यासाठी असे कुणी नव्हते.

इतर देशांत याबद्दल वेगवेगळे नियम आहेत. जर्मनीत घरी शिकवायला मनाई आहे. फ्रान्सने २०२२ पासून आधी परवानगी घ्यायची अट घातली. अमेरिकेत सगळ्याच राज्यांत मोकळीक आहे, कुठे देखरेखीसह तर कुठे जवळजवळ देखरेखीविना. यातले काही जसेच्या तसे उचलून आणावे असे मला वाटत नाही. आपल्याकडे गावोगावी जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात डायट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे. तेवढ्यावर काम होऊ शकते.

घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव नजीकच्या शासकीय शाळेच्या पटावर वेगळ्या नोंदीने असावे. पालकाने वर्षाच्या सुरुवातीला आपण काय शिकवणार ते चार ओळींत लिहून द्यावे. डायटमधल्या किंवा केंद्रातल्या एखाद्या अनुभवी शिक्षिकेने वर्षातून दोनदा मुलाला भेटावे, त्याच्या वह्या आणि हातची कामे बघावीत आणि काही वेळ पालकांना बाहेर बसवून एकट्या मुलाशी बोलावे. तिला काही खटकले तर मूल शाळेत दाखल करायला सांगण्याचा अधिकारही तिला असावा. मी तो आनंदाने मान्य करीन.

पटावर नाव आले की कितीतरी बंद दारे उघडतील. थोरलीची चित्रकला चांगली आहे. चितार ओळीत मूर्तींचे डोळे रेखताना ती तासन् तास उभी राहते आणि घरी येऊन तसेच डोळे काढते. तिला एलिमेंट्रीच्या रेखाकला परीक्षेला बसायचे आहे. फॉर्म शाळेमार्फत भरतात. शिष्यवृत्तीची परीक्षा, शालेय खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धा, बसचा विद्यार्थी पास, सगळीकडे आधी बोनाफाईड मागतात. एका कार्यालयात मला सांगितले गेले की कुठल्यातरी शाळेत नाव घाला आणि पाठवू नका, सगळे असेच करतात. मी तसे करणार नाही. पटावर नाव आणि वर्गात मूल नाही, ही खोटी हजेरी आपल्याच खात्याला अनेक वर्षे पोखरत आली आहे.

मिस्त्रींच्या मुलासाठीही एक मागणे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. दहा दिवसांत पटाशीला धारही लावता येत नाही. नागपुरात महापालिकेच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या इमारती कुलूपबंद उभ्या आहेत. त्यातल्या काही खोल्या उघडा. तिथे संध्याकाळी आणि शनिवारी मिस्त्री, कोष्टी दादा, बुरूड ताई, चितार ओळीतले मूर्तिकार शिकवतील, आणि त्यांना पाहुणे म्हणून शाल-नारळ न देता शिक्षक म्हणून मानधन द्या. शाळेतली मुले येतील, घरी शिकणारीही येतील. सूत आणि इंच शिकवताना मिस्त्रींच्या शेजारी गणिताचे शिक्षक उभे राहिले, तर अपूर्णांकाचा तो धडा एका आठवड्यात सुटेल.

हिवाळी अधिवेशनासाठी दर डिसेंबरात आपण नागपूरला येता. त्या दिवसांत इथल्या मोर्च्यांमध्ये शिक्षक असतात, शिक्षणसेवक असतात, अंगणवाडीच्या ताई असतात. त्यांच्या मागण्या माझ्या मागणीपेक्षा जुन्या आणि अधिक तातडीच्या आहेत, याची मला जाणीव आहे. शिक्षिकांच्या जागाच रिकाम्या ठेवल्या तर वर्षातून दोनदा माझ्या मुलांना भेटायला येणार कोण? त्यामुळे त्या जागा आधी भरा, मग माझ्या कागदाकडे बघा, असेच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र मला थांबवता येत नाही. थोरलीने गेल्या महिन्यात सांगितले की तिला येत्या जूनपासून शाळेत जायचे आहे. तिला मैत्रिणी हव्यात, प्रयोगशाळा हवी, खो-खोचा संघ हवा. आम्ही दोघांनी तिचे ऐकले आणि होकार दिला. हरिलाल यांचे पत्र वाचल्यावर दुसरे काही उत्तर देताही आले नसते. आता मी शाळांमध्ये चौकशी करते आहे. मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून पहिलीत घाला, असे एकीकडे ऐकले. सहावीचे गुणपत्रक नाही म्हणून प्रवेश नाही, असे दुसरीकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरच्या, कधीच दाखल न झालेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही. कलम १५ नुसार वर्ष सुरू झाल्यावर आले तरी त्याला परत पाठवता येत नाही. हे कायद्यात आहे, खिडकीपर्यंत पोचलेले नाही. माझ्याकडे कायद्याची छापील प्रत आहे आणि भांडायला वेळ आहे. वीटभट्टीवरून लेकीला घेऊन आलेल्या बाईकडे यातले काही नसते, आणि तिला याच खिडकीवरून परत पाठवतात.

तेव्हा बाकी सगळे विचाराधीन ठेवलेत तरी चालेल, जूनच्या आधी एक परिपत्रक काढा. प्रत्येक शाळेच्या कार्यालयात, प्रवेशाच्या खिडकीबाहेर, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत कलम ४ आणि कलम १५ लावायला सांगा. खाली तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे पद आणि फोन नंबर छापा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या आईला त्यावर बोट ठेवता येईल.

आपली,
नागपूरची एक आई